मोठ्या पडद्याचं काम

ऑफिसातलं चहाचं मशीन बिघडलं आणि मी घरी जाऊन चहा प्यायचं ठरवलं. एवढंच झालं. माणूस आयुष्यात केवढाले निर्णय घेतो. लग्न करतो, घर घेतो, मिशी काढतो. त्यातलं काही इतकं अंगाशी येत नाही (मिशी सोडून). पण त्या एका कपभर चहापायी माझ्या दारात गर्दी जमली, बायकोच्या हातातलं आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम जायची वेळ आली आणि माझं जे व्हायचं ते झालं. ते कसं झालं तेच सांगतो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. नळाला पाणी नाही असं लोक मला सांगतात आणि मी "नोंद घेतली आहे" असं त्यांना सांगतो. या कामात डोक्याला फारसा ताण पडत नसल्यामुळे डोकं दुसरीकडे वापरता येतं. माझी बायको पडदे शिवते. घराची पुढची खोली तिच्या कामाची, आतली खोली कन्येच्या अभ्यासाची आणि उरलेल्या जागेत मी. दारावर पाटी आहे, 'सर्व प्रकारचे पडदे शिवून मिळतील', खाली पत्ता आणि फोन नंबर. हिचा हात असा आहे की हिने घातलेली चुणी धुतली तरी हलत नाही. पण तिचं एक दुःख आहे आणि ते ती अधूनमधून शिलाई मशीनला ऐकवते. "काय मेलं नशीब! आपण जीव ओतून शिवायचं आणि लोकांनी सकाळी उठून पहिल्यांदा तेच बाजूला सारायचं."

आता माझं दुखणं. माझ्या दुखण्याचं नाव उल्कावीर. ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आकाशातून कोसळलेला एक तरुण, छातीवर जळत्या उल्केचं चिन्ह, पाठीवर बाहेरून गर्द निळा आणि आतून शेंदरी असा लांबलचक झगा. (बायको त्याला झूल म्हणते. मी दर वेळी दुरुस्त करतो.) पहिला भाग संपला तेव्हा उल्कावीर समुद्रात बुडत होता. गेली चार वर्षं तो बुडतोच आहे आणि मी काठावर येरझाऱ्या घालतो आहे.

त्यात भर म्हणजे पहिल्या भागातला नट काम सोडून गेला. त्याला आम्ही प्रेमाने जबडेवाला म्हणायचो. मग दुसऱ्या भागात उल्कावीर कोण? निर्माते इतके बेरकी की त्यांनी जाहीर करून टाकलं, नव्या उल्कावीराचं नाव पहिल्या दिवशी, पहिल्या खेळाला, थेट मोठ्या पडद्यावरच कळेल. तोवर तोंडातून चकार शब्द नाही. माझी झोप उडाली. जेवताना पाय हलायचा. तक्रारीच्या खिडकीत एका आजींनी "पाणी कधी येणार?" असं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात, पहिल्या खेळाला." त्यांनी माझ्याविरुद्धच तक्रार केली. ती घ्यायलाही मीच होतो, म्हणून निभावलं.

माझ्यासारख्या तळमळणाऱ्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, 'उल्कावीर प्रतीक्षा मंडळ'. त्यात ज्याच्या त्याच्या ज्ञानाप्रमाणे पदव्या असतात. सगळ्यात वर सेनापती, मग ग्रह, मग उपग्रह आणि सर्वांत खाली धूळ. मी धूळ होतो. मी काही लिहिलं की कुणी उत्तरच द्यायचं नाही. एकदा मी सलग तीन दिवस एकच अंदाज मांडला, मालिकेतला डॉक्टर उल्कावीर होणार. त्यावर सेनापतींनी लिहिलं, "धुळीने कृपया बसावे."

तर अशा मनःस्थितीत मी चहाला घरी गेलो. पायरीवर चप्पल काढतोय तोच पुढच्या खोलीतून बायकोचा फोनवरचा आवाज आला.

"उल्कावीर ना? नाव कसं माहीत नसेल! आमच्या घरात दुसरं काही ऐकूच येत नाही... बरं... बाहेरून गर्द निळा, आतून शेंदरी. आणि मधोमध ते जळकं चिन्ह... होईल की... खरं सांगू का, मोठ्या पडद्याचं काम मी आजवर केलेलं नाही. पण मनात फार आहे... छे छे, कुणाला कळणार नाही. ह्यांना? ह्यांना तर मुळीच नाही... मापाला कोण येतंय? उंच आहेत का? मग ठीक. बुटका माणूस या कामाचा नाही."

मी एका पायात चप्पल घालून तसाच उभा राहिलो.

तुम्ही म्हणाल, बायको पडदे शिवते हे माहीत असताना माणसाला एवढं कळू नये? पण चार वर्षं काठावर उभं राहून बघा. मग कुणी 'पडदा' म्हटलं तर तुम्हाला खिडकी आठवते का ते मला सांगा. मला लख्ख कळलं होतं. माझी बायको, माझ्या घरात, माझ्या नाकासमोर, उल्कावीराचा झगा शिवणार होती! आणि ज्याच्या अंगावर तो चढायचा तो माणूस मापाला माझ्या घरी येणार होता!

"कुणाचा फोन?" मी आत जाऊन शक्य तितक्या थंडपणे विचारलं.

"गिऱ्हाईकाचा."

"काय म्हणतंय गिऱ्हाईक?"

"काय म्हणणार? पडदा शिवा म्हणतंय."

बस्स. एरवी ही कुणाच्या खिडकीला ओल आली आहे आणि कुणाच्या सुनेला कोणता रंग आवडत नाही हे सगळं मी न विचारता सांगते. आज दोन शब्दांत आटपलं. माझी खात्री पटली. चहा मागायचा राहूनच गेला.

चार दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. ऑफिसातून दर तासाला घरी फोन करायचो. "कुणी आलं होतं का?" "कोण येणार?" "सहज विचारलं." शेवटी कन्येने फुटून सांगितलं की आईकडे उद्या दुपारी कुणीतरी मापाचं बोलायला येणार आहे. मी साहेबांकडे पोट धरून गेलो आणि अर्ध्या दिवसाची रजा घेतली.

तो आला. आणि काय सांगू, दार भरून गेलं! सहा फुटांच्या वर उंची, खांदे कपाटासारखे आणि डोळ्यांवर काळा चष्मा. त्याने बाहेर भिंतीला काहीतरी लांबलचक टेकवून ठेवलं. (शिडी होती. मी ती पाहिलीसुद्धा. पण पाहिली म्हणजे डोक्यात शिरली असं नसतं.) बायको आत कापड आणायला गेली तेवढ्यात मी त्याला गाठलं.

"आपण पडद्यावर?" मी हळूच विचारलं.

"हो. बरीच वर्षं."

"मी कधी पाहिलं नाही आपल्याला."

"कसं पाहणार? आतापर्यंत सगळी लहान पडद्याची कामं केली. घरोघरी. मोठा पडदा हा पहिलाच."

मालिकेतलाच कुणीतरी! मी अगदीच चुकलो नव्हतो!

"दडपण आलं असेल."

"उंचीचं थोडं येतं. पण कमरेला दोर असतो."

"म्हणजे सगळं स्वतःच? आपल्या जागी दुसरा माणूस वगैरे नाही घेत?"

"आमच्यात कुठला आलाय दुसरा? पडलं तर आपलं आपणच पडायचं."

"पडलाय कधी?"

"दोनदा. एकदा तर दांडीसकट."

(पहिल्या भागात उल्कावीराकडे दांडी नव्हती. म्हणजे दुसऱ्या भागात शस्त्र येणार होतं! ही बातमी मला त्याने सहज, बोलता बोलता दिली.)

"आणि आधीचे का हो सोडून गेले?"

"ते होय? पाठ गेली त्यांची. शिडी चढवेना. वय झालं होतं, पण कबूल करायचे नाहीत. बाहेर सांगायचे की मालकांशी पटत नाही."

जबडेवाल्याने सगळ्या मुलाखतींत हेच सांगितलं होतं. दिग्दर्शकाशी मतभेद! आणि खरी गोष्ट काय, तर पाठ!

"हा काळा चष्मा ओळख लपवायला ना?" मी डोळा मारून विचारलं.

"डोळे आलेत," तो म्हणाला आणि एक पाऊल मागे सरकला. केवढा साधेपणा! इतक्या वर पोचलेला माणूस, पण थापसुद्धा घरगुती मारत होता.

तो निघाला तेव्हा मी दाराआडून त्याचा पाठमोरा फोटो काढला. खरं सांगतो, चेहरा येऊ नये याची मी काळजी घेतली. मला कुणाचं गुपित फोडायचं नव्हतं. मला फक्त ते आपल्याला माहीत आहे एवढंच सगळ्यांना कळवायचं होतं. ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "नवा उल्कावीर. आजच भेट झाली. बोलणं झालं. अधिक विचारू नये."

ग्रुप पेटला. जो ग्रुप माझ्या शब्दाला जांभई द्यायचा तो आता मला एका मिनिटाला दहा प्रश्न विचारत होता. खांद्यांवरून दोन तट पडले. एक जण म्हणाला, हे उल्कावीराचे कान नाहीत. दुसरा म्हणाला, टोपीत कान दिसतच नाहीत, वाद कशाला? तिसऱ्याने विचारलं, चित्रपट महिन्यावर आला, मग माप आत्ता कसं घेतात? मी गोंधळलो, पण माझ्या वतीने सेनापतींनीच उत्तर दिलं, "शेवट बदलतायत!" मग मी दांडीचं सांगितलं. जबडेवाल्याच्या पाठीचं सांगितलं. जेवणं होईपर्यंत मी उपग्रह झालो होतो आणि भांडी विसळून होईपर्यंत ग्रह.

"बाबा," फोटो बघून कन्या म्हणाली, "पाटी दिसतेय."

"कुठली पाटी?"

"आपली. दारावरची. पत्ता आणि नंबर. अगदी स्वच्छ आलीय."

मी फोटो काढून टाकायला धावलो, पण तोवर तो कुठल्या कुठे पोचला होता. वर लोकांनी पाटीचाही अर्थ लावला होता. "सर्व प्रकारचे पडदे! म्हणजे मोठा, लहान, सगळेच! काय पण बेमालूम सोंग घेतलंय!"

दुसऱ्या दिवशी बायकोला फोन यायला लागले. "उल्कावीराचं काम तुमच्याकडेच आहे ना?" बिचारी घाबरली. गिऱ्हाइकाला गुप्ततेचा शब्द दिलेला. "कोण बोलतंय? तसलं काही नाही आमच्याकडे!" असं म्हणून ती फोन आपटायची. झालं! इतक्या कळकळीने नाही म्हणतात म्हणजे आहेच, अशी ग्रुपची खात्री पटायची. मला वाटलं, चार दिवसांत निवेल. चार दिवसांत काही निवत नाही हे खरं तर मला उल्कावीरावरूनच कळायला हवं होतं.

चित्रपटाला आठवडा उरला असताना एका रविवारी सकाळी मी दात घासत दार उघडलं आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. आमची गल्ली भरली होती. कुणी पाठीवर निळी चादर बांधलेली, कुणी छातीवर उल्का रंगवलेली. एक चांगले पोक्त गृहस्थ होते, त्यांनी कडेवर नातीला घेतलं होतं आणि नातीपेक्षा तेच जास्त उड्या मारत होते. आणि नेमका त्याच वेळी कोपऱ्यावरून काळा चष्मा लावून तो आला. त्याच्या खांद्यावर शिडी होती.

जो जल्लोष झाला तो मी कधी विसरणार नाही. लोकांनी त्याला शिडीसकट उचललं. "दांडी कुठाय? दांडी दाखवा!" असा ओरडा सुरू झाला. तो माणूस पांढराफटक पडला. "दांड्या थिएटरवर आहेत हो! लावायच्या आहेत अजून!" असं तो सांगत होता, पण ऐकतो कोण?

आवाज ऐकून बायको बाहेर आली. दोन्ही हातांत कापडाचा भला मोठा गठ्ठा, वर हनुवटीने दाबलेला. गर्दी बघून ती दचकली, हनुवटी सुटली आणि गठ्ठा पायरीवरून घरंगळत उलगडत गेला. निळी मखमल, आत शेंदरी अस्तर, मधोमध जळती उल्का. उलगडतोय, उलगडतोय, समोरच्या बिऱ्हाडाच्या दारापर्यंत गेला तरी संपेना.

सगळी गल्ली माना लांब करून बघत राहिली.

"एवढा मोठा झगा?" कुणीतरी पुटपुटलं.

"म्हणजे..." पोक्त गृहस्थांचा आवाज कापत होता, "म्हणजे दुसऱ्या भागात तो डोंगराएवढा होतो!"

पुन्हा जल्लोष. मग मात्र बायकोचा बांध फुटला.

"अहो, झगा कुठला! पडदा आहे हा, पडदा! थिएटरातला! दोरीने ओढायचा पडदा! आणि त्या माणसाला खाली ठेवा आधी, पडदे बसवणारे आहेत ते!"

त्याला खाली ठेवलं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग, कुणी सांगितलं कुणास ठाऊक, सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात अजून ब्रश होता, म्हणून मला बोलता आलं नाही. आलं असतं तरी काय बोलणार होतो?

एवढ्यात मोटार थांबली आणि त्यातून थिएटरचे मालक उतरले. तेव्हा मला सगळा उलगडा झाला. मल्टिप्लेक्स आल्यापासून यांचं जुनं थिएटर ओस पडलेलं. त्यांनी ठरवलं होतं, उल्कावीराच्या पहिल्या खेळाला पूर्वीसारखा झोकदार पडदा लावायचा, निळा नि शेंदरी, आणि तो सरसर उघडला की लोकांनी थक्क व्हायचं. मल्टिप्लेक्सवाल्यांना सुगावा लागू नये म्हणून गुप्तता. आणि तो पडदा आता भर गल्लीत पसरला होता. त्यावर दोघेजण उभे राहून सेल्फी काढत होते.

"बाई, मी तुम्हाला काय सांगितलं होतं?" मालक म्हणाले. "एक गोष्ट सांगितली होती, एक! काम रद्द. मला नको हा पडदा."

बायको खाली बसून मखमलीवरची धूळ झटकायला लागली. मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आयुष्यात एकदा, नुसतं एकदा, भरलेलं थिएटर माझ्या पडद्याकडे तोंड करून बसणार होतं. बाहेर काय दिसतं म्हणून तो बाजूला सारायला नाही. तो उघडायची वाट बघायला." मला फार लाज वाटली. उल्कावीर, ग्रह, उपग्रह, सगळं एका क्षणात विटलं.

मी उठलो, तोंडातला ब्रश काढला आणि मालकांपुढे उभा राहिलो. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "हिने मला एक अक्षर सांगितलं नाही. मी चोरून ऐकलं आणि तेही चुकीचं ऐकलं. हवं तर मला रद्द करा."

"तुम्ही कोण?" मालकांनी विचारलं.

"मी ह्यांचा नवरा."

"मग तुम्ही आधीच रद्द आहात," मालक म्हणाले.

एव्हाना बायको उठून उभी राहिली होती. तिने पदराने हात पुसले. "ठीक आहे मालक, रद्द तर रद्द. पण हा मला दुसरीकडे देता येणार नाही, एवढ्या रुंदीची खिडकी कुणाकडेच नाही. आणि पहिल्या खेळाच्या आत दुसरा पडदा तुम्हाला कुणी शिवून देणार नाही. उघडा पांढरा पडदाच दाखवायचा असेल तर लोक मल्टिप्लेक्सला नाही का जाणार?"

तेवढ्यात ते पोक्त गृहस्थ नातीला घेऊन पुढे आले. "हा पडदा फक्त पहिल्याच खेळाला उघडणार, का रोज? पहिल्याच खेळाला असेल तर आम्ही पहिल्यालाच येऊ." मागून दहाबारा जण "आम्हीपण" म्हणाले. मालकांनी गर्दीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "अस्तर खालून चार बोटं लांब आहे," ते म्हणाले. "तेवढं आत घ्या."

काम राहिलं. पण पडदे बसवणाऱ्याचा पाय त्या उचलाउचलीत मुरगळला होता. पहिल्या खेळाला दोर ओढायला कुणी नव्हतं. "ह्यांना घ्या," बायको म्हणाली. "आणि पडद्याच्या मागच्या बाजूला उभं करा."

तर चार वर्षं ज्या क्षणासाठी मी तळमळलो त्या क्षणी मी थिएटरात होतो. तिकीट न काढता, पडद्याच्या मागे, अंधारात, हातात दोर घेऊन. पडदे बसवणाऱ्याने खुर्चीवर बसून मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, "घंटा झाली की दोर खेचत खेचत भिंतीकडे जायचं. भिंतीकडे. काय?" मी "भिंतीकडे" म्हणालो. बाहेर गर्दीचा नुसता गुंजारव चाललेला. माझा पाय हलायला लागला. नाव! आता दोन मिनिटांत नाव कळणार! आणि हिचं काय चाललं असेल? ती पुढच्या रांगेत बसली होती. मी फटीतून बघितलं. नवी साडी, हात घट्ट मिटलेले. तिची नजर नुसती पडद्यावर होती.

घंटा झाली. मी दोर खेचला. हलका होता, सुरेख सरकत होता. मी मागे मागे जात खेचत राहिलो. मागे म्हणजे कुठे, याचा विचार मी केला नव्हता. भिंत काही येईना. पडदा मात्र दोन्ही बाजूंना सरसर निघाला, मखमलीची लाट उठली, शेंदरी अस्तर चमकलं आणि टाळ्या! काय टाळ्या! शिट्ट्या, आरोळ्या, लोक उभे राहिले! मला इतका आनंद झाला की मी नकळत वाकून नमस्कार केला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी दिसतो आहे.

मी रंगमंचाच्या बरोब्बर मधोमध उभा होतो, हातात दोर घेऊन. डोळ्यांवर झगझगीत प्रकाश आला. मागे संगीत घुमलं. "आणि उल्कावीराच्या भूमिकेत..." असं मोठ्या अक्षरांत माझ्या डोक्यावरून गेलं, आणि त्यापाठोपाठ ते नाव, ज्या नावासाठी अख्खं मंडळ वर्षभर अन्नपाणी विसरलं होतं ते नाव, माझ्या शर्टावर पडलं.

"ए, बाजूला हो!" "पोट आत घे, नाव वाचू दे!" "शर्ट सरळ कर!" लोक किंचाळत होते. मी मान खाली घालून वाचायचा प्रयत्न केला, पण ते उलटं होतं आणि पोटावर वळत होतं. मी डावीकडे पळालो तर डावीकडे मालक. उजवीकडे पळालो तर दोर पायात. शेवटी मी आडवा झालो आणि रांगत बाहेर पडलो. तोवर नाव गेलं होतं. (नट कोण ते मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी सांगितलं. कुणीतरी भलताच होता. आमच्यापैकी कुणाच्याच अंदाजात नव्हता.)

चित्रपट संपल्यावर आम्ही चालतच घरी निघालो. मी मान खाली घालून, आता काय ऐकावं लागतंय याची वाट बघत होतो. पण बायकोचे पाय जमिनीवर नव्हते.

"ऐकल्यात टाळ्या?" ती म्हणाली. "पिक्चर सुरू व्हायच्या आधी. कुणाचं नाव यायच्या आधी. नुसत्या पडद्याला! शेजारच्या बाई म्हणाल्या, चुण्या बघा कशा पडल्यात. मी कितीतरी वेळ तो उघडलेला पडदाच बघत होते. मधे काय चाललंय इकडे लक्षच नव्हतं."

मला जरा हायसं वाटलं. "म्हणजे मी मधोमध उभा होतो ते तू पाहिलं नाहीस?"

ती थांबली. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगंबाई, ते तुम्ही होतात? मला वाटलं, पिक्चरमधे सुरुवातीलाच एकजण मरतो ना, तो आहे. मी म्हटलंसुद्धा शेजारच्या बाईंना, माणूस मात्र अचूक निवडलाय. बघताक्षणी कळतं, हा काही टिकत नाही."